भाजलेल्या हरभऱ्यांचं मतदान

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात. फेकवत नाहीत, आणि पाहुणा आला की नेमका तोच डबा हाताशी येतो. आमच्या 'आदर्श लहान घर' कमिटीचं असंच आहे. कमिटी चालली जेमतेम चार महिने. पण मी निम्मं आयुष्य शाळेत शिकवलं, त्याच्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही! जो भेटतो तो म्हणतो, "मास्तर, ते हरभऱ्याचं सांगा."

तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता. म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. शाळेत दोनच मास्तर. पहिले म्हणजे हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दुसरा मी. प्रांतसाहेबांच्या डोक्यात ग्रामसुधारणा शिरली आणि हुकूम आला, गावातल्या सगळ्यात चांगल्या लहान घराला बक्षीस द्या, आणि घर कोणतं ते लोकांना ठरवू द्या. बक्षीस काय, तर अख्ख्या घराला पुरतील इतकी मंगलोरी कौलं!

गुरुजी कमिटीचे अध्यक्ष झाले आणि मी चिटणीस. गुरुजींना न्यायाचं भारी वेड. त्यांनी पहिल्याच बैठकीत अकरा नियम लिहून काढले. मी म्हटलं, "गुरुजी, घर अजून एकही आलेलं नाही." ते म्हणाले, "घरं येतील जातील. नियम राहिले पाहिजेत!"

*

नियम दुसरा : घराला दोन खिडक्या हव्यात.

सात जणांनी नावं दिली. एका म्हाताऱ्याच्या घरी गेलो तर चारी भिंती सपाट, नुकत्याच सारवलेल्या. गुरुजींनी विचारलं, "बाबा, खिडक्या कुठे आहेत?"

"शेत ना! दोन शेत." आमच्या बोलीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.

"दिसत नाहीत त्या!"

"कशा दिसतीन? तुम्हनासाठे पाडल्यात, मांजर येवाले लागनी म्हनीसन परत बुजी टाकल्यात."

गुरुजींनी वहीत लिहिलं, 'खिडक्या दोन, पैकी शिल्लक शून्य.'

*

असं गाळत गाळत तीन घरं उरली.

एक आबा पाटलांचं. मोठ्या घराशेजारी त्यांनी खास स्पर्धेसाठी लहान घर उठवलं होतं, रंगीत काचांचं. स्पर्धा संपली की त्यात म्हैस बांधायची, हे म्हशीसकट सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसरं करीमचाचा सुताराचं. पंचक्रोशीतली निम्मी घरं या माणसाने बांधलेली. पाटलांचं हे नवं घरसुद्धा त्यानेच उभं केलं. स्वतःचं घर मात्र बारा वर्षं चाललं होतं. एकही खिळा न मारता बसवलेल्या चौकटी, भिंतीत मुरवलेली कपाटं, बघत राहावं असं काम. छप्पर तेवढं गवताचं. कारण चाचाने मंगलोरी कौलांच्या मापाने वाशांवर रिपा, म्हणजे आडव्या पट्ट्या, मारून ठेवल्या होत्या. कौलं काही कधी जमली नाहीत, आणि त्या दूर दूर मारलेल्या रिपांवर गवत धड बसेना. ठिकठिकाणी गळायचं.

त्याची बायको जैनबबी आमच्यासमोरच त्याला म्हणाली, "सारे गाव को छप्पर डालके देते जी तुम, और अपने को आसमान!"

चाचा हसला. "गुरुजी, घर तयार शे. फक्त झाकण बाकी शे."

माझ्या मनाने त्याच क्षणी निकाल लावून टाकला. चिटणिसाने असं करू नये, पण ती कौलं चाचालाच मिळावीत असं मला फार वाटत होतं.

तिसरं घर डोंगरातल्या पाड्यावरच्या जात्र्या पावऱ्याचं. बांबूच्या कुडाचं, वर साग-पानांचं दाट छप्पर. बघायला एक कोस चढून जावं लागे. गुरुजी वर पोचले तेव्हा इतके दमले होते की त्यांना ते घर अतिशय आवडलं.

*

मत द्यायचं कसं? पाटील म्हणाले, "हात वर करा, व्हई गयं."

चावडीसमोर लोक जमले. गुरुजींनी अजून पहिल्या घराचं नावही घेतलं नव्हतं. इतक्यात पाटलांनी पागोटं सरकवून डोकं खाजवायला हात वर केला. झालं! सगळ्या गावाचे हात वर!

पाटलांनी हात खाली घेतला, गावाचे हात खाली.

गुरुजी मला म्हणाले, "मास्तर, गुप्त मतदान घ्यावं लागेल."

*

गुप्त मतदानाची युक्ती गुरुजींचीच. पडद्याआड तीन मडकी, प्रत्येकावर घराची खूण, तोंडाला फडकं, फडक्याला बोटभर भोक. माणशी एक हरभरा, आवडत्या घराच्या मडक्यात टाकायचा. पण हरभरा काय, घरोघरी असतो. कुणी खिशातून मूठभर आणला तर? म्हणून कमिटीचे हरभरे वेगळे, भाजून हळद लावलेले.

भाजायचं काम गुरुजींच्या बायकोकडे दिलं. बाईंचा हात सुगरणीचा. हरभरे भाजायचे म्हटल्यावर त्यांनी सवयीने मिठाचं पाणी शिंपडलं!

सकाळी रांग लागली. दुपारी मी मडकी हलवून पाहिली तर आवाजच नाही. पन्नास माणसं पडद्याआड जाऊन आली आणि मडकी रिकामी! गुरुजींनी शेवटच्या म्हाताऱ्याला धरलं. "बाबा, तुमचं मत कुठे टाकलं?"

म्हाताऱ्याने पोटावर हात ठेवला. "माले तं आवडनं, गुरुजी. आखो एक द्या ना."

दुसऱ्या दिवशी बिनमिठाचे हरभरे भाजून पुन्हा मतदान घेतलं. या खेपेला पडद्याबाहेर येणाऱ्या प्रत्येकाला गुरुजी 'आ' करायला लावत होते. कमिटीच्या अध्यक्षांनी दिवसभरात गावाचे सगळे दात मोजले.

*

नियम सातवा : घर आतून पाहिल्याशिवाय मत नाही. नियम आठवा : ज्याने घर बांधलं त्याने त्याच घराला मत द्यायचं नाही.

सातव्या नियमाने बाया खूश झाल्या. त्यांना तिन्ही घरांत शिरून बघायचंच होतं. पाटलांच्या रंगीत काचांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक घरात चुलीपाशी बसून त्या फुंकणी मारून आल्या. पाटलांकडे डोळ्यांत पाणी आलं. चाचाकडे धूर कमी, पण वरून टपटप. जात्र्याकडे बांबूच्या फटींतून धूर केव्हा निघून गेला ते कळलंसुद्धा नाही. एक बाई खाली येताना माझ्यादेखत म्हणाली, "माय वं, बारा वरीसमा पहिल्यांदा रडाले उनं नही!"

आणि आठव्या नियमाने घोटाळा केला. पाड्यावरचे लोक मत द्यायला खाली उतरले. गुरुजींनी विचारलं, "जात्र्याचं घर कोणी बांधलं?"

सगळ्यांचे हात वर! त्यांच्याकडे रीतच तशी. कुणाचं घर उभं राहायचं असेल तर सगळा पाडा येतो, बांधतो, जेवतो आणि जातो.

गुरुजी म्हणाले, "अरे, असं नका करू. तुमचं मत जाईल. एकाचं नाव सांगा."

जात्र्या म्हणाला, "एकलाघाई घर व्हस का, गुरुजी?"

खोटं बोलले असते तर बक्षीस तिथल्या तिथे त्यांचं होतं. पण खोटं कुणी बोललं नाही. एकेक जण पडद्याआड गेला आणि आपलं घर सोडून दुसऱ्याला मत देऊन आला. मी लाजलो. मी मघापासून चाचाचं मडकं जड कसं होईल याचाच विचार करत होतो.

*

मतमोजणी प्रांतसाहेबांसमोर व्हायची होती. पण गोमाई नदीला पूर आला आणि साहेब पलीकडेच अडकले. गुरुजींनी मडकी चावडीत ठेवली, भोकांवर दुहेरी फडकं बांधलं, आणि उखा कोतवालाला ताकीद दिली, "यांच्यावर नीट लक्ष ठेव."

चार दिवसांनी साहेबांचा निरोप आला, मोजणी तुम्हीच करा, मी मागाहून घर पाहायला येतो. सगळं गाव जमलं. गुरुजींनी पाटलांच्या मडक्याचं फडकं सोडलं, हात घातला आणि दचकून बाहेर काढला.

हरभऱ्यांना हे एवढाले मोड आले होते!

गुरुजी ओरडले, "उखा! काय केलंस?"

उखा छाती काढून म्हणाला, "लक्ष ठेवं ना! मडकावर फडकं दिसनं का रोज तीनदा पाणी मारं. थंडगार ऱ्हायनं पाहिजे का नही?"

चावडीत रांजण भरणं आणि त्याचं फडकं ओलं ठेवणं, हे त्याचं रोजचं काम. त्याने मतांचीही तशीच निगा राखली होती.

चाचाचं मडकं सोडलं. हरभरे नुसते फुगलेले, मोड एकाला नाही. जात्र्याचंही तसंच. मोड फक्त पाटलांच्या मडक्यात, चांगले पसाभर. भाजलेल्या हरभऱ्याला मोड येत नाही, हे चावडीतल्या पोरासोरालाही कळत होतं. कच्च्या हरभऱ्यांना हळद फासून कुणीतरी ते आत ओतले होते.

गुरुजी हळूच म्हणाले, "आबा, कमिटीचे हरभरे भाजलेले होते."

पाटील जागचे हलले नाहीत. "मन्हा घरना पायगुण शे, गुरुजी. भाजेल दाणालेबी कोंब फुटना!"

उखा कोतवाल हात जोडून पुढे आला. "आबा, मंग यंदा मन्हं वावर तुम्हीच पेरा!"

*

मोड आलेली मतं बाद केली. पाटलांची तीन उरली. चाचा आणि जात्र्या यांची मोजली, तर दोघांची सत्तावीस-सत्तावीस! बायांनी जात्र्याला वर आणलं होतं आणि पाड्याने चाचाला.

आता? गुरुजींनी मतदारांची यादी काढली आणि बोट फिरवलं. गावात एकच माणूस असा निघाला, ज्याने अजून मत दिलेलं नव्हतं. आबा पाटील! रांगेत उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटलं होतं. म्हणजे पाटलांच्या मडक्यात पसाभर मतं पडली, पण पाटलांचं स्वतःचं मत शिल्लकच!

मी गुरुजींच्या कानाशी लागलो. "अहो, हा माणूस आणि न्याय? त्यापेक्षा चिठ्ठी टाका." गुरुजी म्हणाले, "यादीत नाव आहे. मत त्यांचं आहे."

सातव्या नियमाप्रमाणे पाटलांना दोन्ही घरं आतून बघावी लागली. पाड्यावर ते घोड्यावरून जाऊन आले. मग चाचाकडे आले. शेजारी राहून त्या घरात त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर भुरभुर चालू होती. पाटील चौकटींवरून हात फिरवत, कपाटं उघडत-मिटत खूप वेळ हिंडले आणि मधोमध बाजेवर बसले. पागोट्यावर टप्पकन थेंब पडला.

जैनबबी लगबगीने भांडं घेऊन आली. "आबा, जरा सरको. वो जगा पानी की है."

पाटील सरकले. तिथेही थेंब. पुन्हा सरकले. मग उठले, चावडीत आले आणि सगळ्यांसमोर हरभरा जात्र्याच्या मडक्यात टाकला. म्हणाले, "करीमसारखा कारागीर नही. पन घर म्हंजे आंगवर पाणी नको."

मी चाचाकडे बघू शकलो नाही. तोच पुढे झाला. "बरोबर दिधं, आबा."

खरं सांगतो, मला पाटलांचा इतका राग कधीच आला नव्हता. मोड आणले तेव्हासुद्धा नाही. कारण या वेळी ते खरं बोलले होते.

*

कौलं दोंडाईच्याहून गाड्यांनी आली. पाड्यावर गाडी चढेना, म्हणून चावडीपाशी रचली. जात्र्या बघायला आला. त्याने एक कौल हातात तोललं आणि मोठ्याने हसला. "गुरुजी, हाई वर ठेवं ते मन्हं घर बसी जाई!"

आता आली का पंचाईत! सगळ्यात चांगल्या घराला बक्षीस असं, की ते घर मोडेल. मी म्हटलं, देऊन टाकू चाचाला. गुरुजींनी वही उघडली. नियम अकरावा : बक्षीस दुसऱ्याला देता येणार नाही. कौलं विजेत्याच्याच छपरावर चढली पाहिजेत, साहेब ती डोळ्यांनी बघतील.

जात्र्याने तो नियम मला दोनदा वाचायला लावला. मग मान डोलावली आणि डोंगर चढून गेला.

दोन दिवसांनी सकाळी सगळा पाडा खाली आला, बायापोरांसकट. त्यांनी चाचाच्या घराचं गवत उपसून काढलं आणि हातोहात कौलं चढवायला घेतली. चाचा नुसता खाली उभा. बारा वर्षांपूर्वी मारलेल्या त्या रिपांवर कौल न् कौल अस्सं बसलं की एकही तासावं लागलं नाही. जैनबबीने घरातली सगळी भांडी चुलीवर चढवली. गळक्या जागांखालची सुद्धा. पाड्याने बांधलं, पाडा जेवला आणि गेला. जात्र्या एकटा मागे थांबला, कारण साहेब त्याच दिवशी यायचे होते.

साहेब आले. घोड्यावरून उतरून त्यांनी लाल छपराकडे पाहिलं, आत जाऊन चौकटी पाहिल्या, कपाटं पाहिली. फार खूश झाले. गुरुजी वही छातीशी धरून उभे. साहेबांनी जात्र्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास! हे तुझं घर?"

"नही, साहेब. हाई करीमभाईनं घर शे."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्याकडे. साहेबांचा आवाज चढला. "मग तुझं घर कुठे आहे?"

जात्र्याने डोंगराकडे बोट केलं.

"घर वर शे, साहेब. छप्पर खाले शे."