सातव्या पाकळीतली फट

मी चित्रकलेची शिक्षिका आहे. बारामतीत राहते आणि भवानीनगरच्या पुढं, इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत रोज स्कूटीवरून जाते. बावीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवली नाही, पाठ करून घेतली. हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

आमची मुलं चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसतात. श्रेणी मिळाली की दहावीला जादा गुण मिळतात, म्हणून बसतात. दुसरं कारण कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. त्या परीक्षांसाठी माझा एक 'आठवडी बाजार' ठरलेला होता. डावीकडं छत्री, उजवीकडं पाठमोरी बाई, मध्ये भाजीची पाटी, मागं दोन झाडं. विषय जत्रेचा आला तर पाटीच्या जागी फुगेवाला. संकल्पचित्राला एक कमळ आणि चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या. चाळीस मुलं चाळीस कागदांवर तेच कमळ काढायची आणि मी बाकांमधून फिरत "छान, छान" म्हणायची. उसाच्या हंगामात कारखान्याची काजळी खिडकीतून येऊन ओल्या रंगावर बसायची. चाळीस कमळांत फरक असायचा तो काजळीचा कण कुठं पडला एवढाच.

भूमितीत तर मी सरळसरळ फसवत होते. वर्तुळात सात बाजूंची आकृती पुस्तकातल्या रीतीनं काढली की शेवटी बारीकशी फट राहते. मुलं घाबरून विचारायची, "मॅडम, माझं चुकलं का?" मी सांगायची, "शेवटची रेघ जरा जाड काढ, दिसत नाही." फट का राहते हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी होती. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी शेती होती आणि वडील गवंडीकाम करायचे. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर कामावर जायची, दोरीचं दुसरं टोक धरायला. गणिताचे सर तिला 'ढ' म्हणायचे, तेही तिच्यासमोर. माझ्या तासालाही तिचं कमळ कधी वेळेत पुरं व्हायचं नाही. मध्येच थांबून ती विचारायची, "मॅडम, ही पाकळी एवढीच का? हिच्या शेजारची मोठी का?" मी म्हणायची, "फळ्यावर आहे तशी काढ."

त्या डिसेंबरात शाळेला एक अधिकारी भेट देणार होते. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, मैदानावर मोठं बारा पाकळ्यांचं फूल काढा. मी आणि खेळाचे सर फक्कीची घमेली घेऊन सकाळपासून लागलो. मी कागदावर सुंदर फूल काढलं होतं, पण ते वीस फुटांचं करायचं कसं हे दोघांनाही कळेना. जे वर्तुळ झालं ते एका बाजूनं दबलेलं, बसलेल्या म्हशीसारखं.

ती मुलगी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून बघत होती. शेवटी जवळ आली.

"मॅडम, मी करू? एक खुटी लागंल आन दोरी. ताणणारी नको."

खेळाच्या सरांनी हसून नेटची जुनी सुतळी तिच्याकडं फेकली. तिनं मधोमध खुंटी ठोकली, सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खिळा लावला आणि फिरली. वर्तुळ झालं. मग त्याच लांबीची सुतळी घेऊन ती वर्तुळाच्या काठावर एकेक माप टाकत गेली आणि सहाव्या मापाला बरोबर पहिल्या खुणेवर आली. प्रत्येक खुणेवरून तिनं तीच सुतळी फिरवली, आणि मातीवर सहा पाकळ्या उमटल्या. मला हे कंपासपेटीतून येत होतं. पण जमिनीवर, उन्हात, चालत चालत होताना मी ते कधी बघितलं नव्हतं.

पाचवीची पोरं तोवर गोळा झाली होती. त्यांतल्या एकीनं विचारलं, "ताई, सहाच का झाल्या? सात करून दाव की."

"मला न्हाय ठावं. धर हितं, बगू," ती म्हणाली.

पुढचे दोन तास मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या नोकरीतलं तेवढंच काय ते चांगलं काम असावं. पोरांनी सुतळी अंदाजानं आखूड केली, तर सातवं माप पार पुढं गेलं. आणखी आखूड केली, तर मागं राहिलं. मग तिनं आधीच्या सहा खुणांतली एक सोडून पुढच्या खुणेपर्यंत सुतळी ताणली आणि काही विचार न करता, हातात मावेना म्हणून मधोमध दुमडली. त्या दुमडलेल्या सुतळीनं मापं टाकली, तर सातवं माप पहिल्या खुणेच्या जवळजवळ जाऊन टेकलं. पोरं ओरडली. ती मात्र खाली वाकून बघत राहिली.

"न्हाय टेकलं. इंचभर कमी हाय."

"सुतळी जाड हाय म्हणून," एक पोरगी म्हणाली.

"सुतळी जाड असती तर सहाला पण चुकलं असतं की," ती म्हणाली. "तवा कसं बरूबर आलं?"

पाचवीची पोरं गुडघ्यांवर बसून त्या इंचभर मातीकडं बघत होती. मी वीस वर्षं जी फट जाड पेन्सिलीखाली लपवली, ती ही पोरं वाकून वाकून बघत होती, आणि त्यांना तिची लाज वाटत नव्हती, मजा वाटत होती. घरी जाऊन मी पहिल्यांदा वाचलं की सात सारखे भाग नुसत्या पट्टी-कंपासनं तंतोतंत होतच नाहीत. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मैदानावर आले. रेघांवर रेघा, खुंट्यांची भोकं, पोरांच्या पायांचे ठसे. "हे काय करून ठेवलंय? उकिरडा नुसता!" त्यांनी टँकर बोलावून सगळं धुऊन काढलं आणि बारामतीहून फुलाचं छापील फ्लेक्स आणून अंथरलं. अधिकारी आले, फ्लेक्सवर उभे राहिले, फोटो झाला. चहा पिऊन रिकामा कागदी कप त्यांनी त्या फुलावरच ठेवला. पंधरा मिनिटांत गाडी गेली. मला त्या कपाची किळस आली, पण ती किळस स्वस्तातली होती. दुसऱ्याची घाण बघून कुणालाही येते.

खरी किळस पुढं आली. जानेवारीत एका संस्थेचं पत्र आलं, उपक्रमशील शिक्षकांनी आपले प्रयोग लिहून पाठवा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ते दोरीचं पाठवा की. तुमच्याच देखरेखीखाली झालं ना?" मी लिहिलं. 'मुलांनी भूमिती कृतीतून शिकावी म्हणून मी दोरीचा उपक्रम योजला.' मी योजला! हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

सोबत फोटो हवे होते. म्हणून सगळं परत मांडलं. सुतळी मळकी दिसते म्हणून मी गुलाबी रिबीन आणली. नव्या गणवेशातल्या, गोऱ्यागोमट्या सहा मुली निवडल्या. तीही आली होती, खुंटी घेऊन. तिचा गणवेश विटलेला होता. मी तिला म्हटलं, "तू जरा बाजूला थांब, हं. फोटोत रंग वेगळा येतो."

ती बाजूला झाली. रिबीन बघून मात्र तिला राहवलं नाही.

"मॅडम, रिबीन ताणती. वर्तुळ येणार न्हाय."

"फोटोपुरतंच आहे गं."

वर्तुळ आलंच नाही. ज्या फोटोवर मला बक्षीस मिळालं, त्यातलं वर्तुळ वाकडं आहे. कुणाही परीक्षकाच्या ते लक्षात आलं नाही. इंदापूरच्या सभागृहात शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. भाषणात एक गृहस्थ म्हणाले की अशा शिक्षकांमुळं मुलं विचार करायला शिकतात. टाळ्या वाजत असताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तरी मी हसत होते. तो हसरा फोटोही आहे.

एप्रिलच्या अखेरीस तिचे वडील शाळेत आले. ती त्यांना आबा म्हणायची. ते बरेच दिवस नरसिंहपूरला भक्तनिवासाच्या बांधकामावर होते, पोरीचा निकाल ऐकून आले होते. दाराशी चपला काढून उभे राहिले.

"म्याडम, तुमाला बक्षीस मिळालं म्हणं. लई चांगलं झालं. पोरगी सांगत हुती."

"काय सांगत होती?"

"हेच की, आमच्या म्याडमनी दोरीचं शिकवलं म्हणून बक्षीस मिळालं." मग अवघडून म्हणाले, "तिला भूमितीत नापास केलंय. तेवढं जरा बगता का?"

तिनं घरी माझंच नाव सांगितलं होतं. कशासाठी, मला आजही कळत नाही. मनात आणलं असतं तर मी तेव्हाच त्यांना खरं सांगितलं असतं. मी फक्त "बघते" म्हटलं.

गणिताच्या सरांकडून मी पेपर मागून घेतला. 'वर्तुळाचे सहा समान भाग करा.' तिनं कंपासनं मापं टाकून केले होते. तंतोतंत. वर लाल शून्य.

"सर, उत्तर बरोबर आहे."

"पायऱ्या कुठायत? कोनमापक वापरलाय का? साठ अंश लिहिलंय का?"

"पण असं का होतं ते तिला कळलंय."

"मॅडम, बोर्डाला कळण्याशी देणंघेणं नाही. तुम्ही पण आता बक्षीस मिळालं म्हणून आम्हाला शिकवायला लागला का?"

स्टाफरूममधले सगळे हसले. मी तिथंच बोलले. म्हटलं, बक्षीस माझं नाही, तिचं आहे, मी चोरलंय. कुणालाच ते खरं वाटलं नाही. एका शिक्षिकेनं मला पाणी दिलं. मी संस्थेला पत्र लिहिलं, उपक्रम माझ्या विद्यार्थिनीचा होता आणि फोटो बनावट होते असं स्पष्ट कळवलं, आणि स्मृतिचिन्ह कुरियरनं परत पाठवलं. उत्तर आलं नाही. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. "शाळेची अब्रू घालवलीत," एवढंच म्हणाले. गुण मात्र वाढले नाहीत. ती फेरपरीक्षेला बसली, पायऱ्या पाठ करून लिहिल्या आणि पास झाली.

शाळा सुरू झाल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. जे केलं ते सगळं तिला सांगितलं, फोटोच्या वेळी बाजूला काढलं ते सुद्धा, आणि माफी मागितली. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीची खाच कोरत ऐकत होती.

"व्हय मॅडम. मला ठावं हुतं."

"मग घरी माझं नाव का सांगितलंस?"

"आबा म्हनले असते, तुज्यासारकीला कोन बक्षीस देतंय. तुमचं नाव घ्यायला बरं पडलं."

एवढं बोलून ती गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी आठवडी बाजार आणि कमळ बंद केलं. मुलं आता वाकडीतिकडी, पण आपापली चित्रं काढतात. श्रेणी मिळवणाऱ्यांची संख्या घसरली, पालक तक्रारी करतात, आणि दोघंतिघं बारामतीला शिकवणीला जातात. तिथं त्यांना तेच कमळ मिळतं. कितीतरी वर्षांपूर्वी ते मीच कुणाला तरी शिकवलं असणार, अशी मला शंका आहे.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. चित्रकलेच्या परीक्षेचा अर्ज घेऊन मी तिच्या वर्गात गेले होते. तिनं अर्ज हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला.

"नको मॅडम. मला त्यात न्हाय पडायचं."

मी आग्रह केला नाही. पुढच्या बाकावरची मुलगी हात वर करून उभी होती, तिला अर्ज दिला आणि वर्गाबाहेर आले.