चुलीवरची तार

घर आवरायची मला खोड आहे. खोडच म्हणते, गुण असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. चंद्रपूरला एका दवाखान्याच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी झाली. कोणता डबा कोणत्या फळीवर, हे मी डोळे मिटून सांगायची. घरीही तोच कायदा, वर्षभर वापरलं नाही की टाका. माझ्या घरी आलेली बाई 'किती टापटीप ठेवता' म्हटल्याशिवाय परत गेली नाही, आणि तिने म्हटल्याशिवाय मी तिला जाऊही दिलं नाही.

माझा थोरला भाऊ मूलच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात शेती करतो. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून मी दोन दिवस आधीच जाऊन धडकले. कोणी बोलावलं नव्हतं. फाटकी पोती, मोडक्या खाटा, दांडा नसलेल्या छत्र्या, सगळं मी अंगणात काढलं. वहिनी मागे मागे फिरत म्हणायची, असू द्या ना जी बाई, कामी येते. मी म्हणायची, कधी येते ते सांगा. तिला सांगता यायचं नाही, की मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी दोघं मळणीवर गेली आणि मी सैपाकखोलीत शिरले. चुलीच्या वर एक तार टांगलेली होती, तिच्यात ओवलेले कागद. धुराने काळे, चिकट, हात लावला की बोटं भरली. वरचे दोन-चार वाचले. वनखात्याच्या पावत्या होत्या. जंगलाच्या जागेत धान लावला म्हणून आधी आजोबांना दंड, मग बाबांना दंड. 'अतिक्रमण', 'गुन्हा', आणि खाली अंगठा. माझं डोकंच फिरलं. उद्या सोयरे दारात येणार आणि यांनी घराण्याचे गुन्हे चुलीवर टांगून ठेवले! अख्खी तार चुलीत घातली. वरून त्याच विस्तवावर चहा करून प्याले.

सोयरीक जमली. पाहुण्यांनी घराचं कौतुक केलं आणि मी फुगून चंद्रपूरला आले.

पावसाळ्यात भावाचा फोन आला. जंगलाच्या कडेच्या दोन एकर धानाच्या बांधीचा वनहक्क पट्टा स्वतःच्या नावावर मिळावा म्हणून त्याने दावा टाकला होता, तो पुन्हा चौकशीला आला होता. शेजारच्या गोंड घरांना एवढं मागे जावं लागत नाही. आमच्यासारख्या बिगर-आदिवासींना मात्र तीन पिढ्या, पंच्याहत्तर वर्षं इथेच राबलो हे दाखवावं लागतं. आणि त्याला पक्का कागद कोणता? तर सरकारनेच फाडलेली दंडाची पावती. आजोबांना त्या बांधीत पकडलं, म्हणजे आजोबा त्या बांधीत होते. हे मला तेव्हा फोनवर कळलं. मोठी शिकलेली मी!

"बाई, चुलीवरची तार कुठी ठेवली?" त्याने विचारलं.

"मी नाही पाहिली," मी म्हणाले. "वाळवीने खाल्ले असतील कागद."

असं पटकन तोंडातून आलं, जसं काही तयारच होतं. तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ग्रामसभेच्या दिवशी मी गेले. घरी बसवत नव्हतं. शाळेच्या वऱ्हांड्यात सगळं गाव बसलेलं. वनहक्क समितीतल्या एका म्हाताऱ्याने भावाला पावत्या मागितल्या. भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, वाळवीने खाल्ल्या. माझं खोटं त्याने जसंच्या तसं स्वतःच्या तोंडात घेतलं. लोक हसायला लागले. कारण चुलीवर कागद टांगतात तेच मुळी वाळवी लागू नये म्हणून. धूर लागलेल्या कागदाला ती शिवत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"तुह्या घरी पावत्या होत्या तरी का?" म्हातारा म्हणाला. "का लोकायचं पाहून दावा टाकला?"

ज्याने आयुष्यात कोणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, तो माझा भाऊ मान खाली घालून उभा होता. मी उठले. "त्या पावत्या..." एवढंच निघालं.

"बस, बाई," भाऊ म्हणाला. "तुह्यं काही काम नाई इथी."

मी बसले. आणि मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गावासमोर खोटा ठरला आणि मला हायसं वाटलं!

दोन म्हाताऱ्यांच्या जबाबावर दावा पुढे गेला, कागदाविना. अजून काही आलेलं नाही. वर्षभराने मी भावाजवळ सगळं कबूल केलं, रडले. तो म्हणाला, वहिनीला राखेत ती तार मी जाळली त्याच संध्याकाळी सापडली होती. म्हणजे फोन केला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. मी खरं बोलते का, तेवढंच तो पाहत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वहिनीला मला जेवायला वाढायला सांगितलं.

आता मी येणार म्हटलं की वहिनी घरातल्या कागदांची पिशवी शेजारी ठेवायला देते. हे मला कोणी सांगितलेलं नाही. यंदा गेले तर मी गल्लीत शिरत होते आणि ती पिशवी पोटाशी धरून शेजारच्या दारात उभी होती. मी पाहिलंच नाही असं केलं, चपला काढल्या आणि आत गेले.