पिवळी टॉर्च, काळी टॉर्च

जवळा बाजारच्या टॉर्चवाल्यानं मला फसवलं. भर दुपारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पोतं टाकून तो आतल्या अंधारात टॉर्चचा उजेड दाखवायचा. मी पिवळ्या टॉर्चच्या कंपनीचा, माझ्या बांधाला लागून शेत असलेला शेजारी काळ्या कंपनीचा. कोणाची टॉर्च भारी, यावरून आम्ही दोन वर्षं बोललो नाही.

परवा माझी टॉर्च दुरुस्त करताना त्यानं काळ्या टॉर्चचे भाग काढून तिच्यात बसवले. ते बराबर बसले. मी हादरलोच.

“दोन्ही एकाच कारखान्याच्या, मालक. रंग तेवढा वेगळा.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“तुमी इचारलं कवा? तुमी तर पोत्यातूनबी भांडून राहिले होते!”

हसत तो पोतं झटकत राहिला.

माझा दोन वर्षांचा शेजार कोण भरून देणार? टॉर्चवाल्यानंच यावं, आणि माझ्या शेजाऱ्याच्या दारात उभं राहून जाब द्यावा.