शहाबादी फरशीच्या फटीतलं सोनं

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाने एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवला. तीन माणसं डोंगरात सोनं खणायला जातात आणि सोनं सापडल्यावर एकमेकांच्या जिवावर उठतात, अशी गोष्ट. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, म्हणून सिनेमानंतर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच ओढून घेतलं. हाव या विषयावर पाऊण तास भाषण झोडलं. लोक उठून जायला लागले तेव्हा माझी रामायण-महाभारतातली उदाहरणं सुरू झाली होती.

माझे दोन मित्र मात्र पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले. एक एसटीचा निवृत्त कंडक्टर, लहानपणी करमाळ्याहून शिकायला आलेला. दुसरा टॉवेलच्या मागांचा मालक, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. दोघं पाचवीपासून एका बाकावर बसलेले, अजून एकमेकांना अरेतुरे करणारे. मी त्यांच्यात वीस वर्षांपूर्वी शिरलो. रोज सकाळी तलावाला एक चक्कर, मग टपरीवर चहा. मुलं पुण्याला, बोलायला घरात एक बायको आणि तिला माझं बोलणं पाठ. आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी टपरीवरचं ते बाकडं दाखवलं असतं.

मालकाच्या घराच्या खालच्या खोलीत एक सोनार कारागीर भाडेकरू होता. चाळीस वर्षं तिथे बसून त्याने दागिने घडवले. घरी जाताना घंगाळात हातपाय धुवायचा आणि ते पाणी कधी ओतून द्यायचा नाही, कारण त्यात सोन्याचे कण असायचे. सिनेमानंतर महिन्याभराने त्याने खोली सोडली. जाताना पायपुसणं नेलं, केरसुणी नेली, भिंतीवरची जळमटंसुद्धा झाडून नेली. मालक ही गंमत चहाला सांगत होता. कंडक्टरने कप खाली ठेवला आणि म्हणाला, केरसुणी नेली, पण फरशी कुटं नेलीय? खाली शहाबादी फरशी. तिच्या फटींत चाळीस वर्षांचा सोन्याचा चुरा बसला असणार.

त्या दिवशी चहा गार झाला, पण कुणी दुसरा मागवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खोलीत. सहासष्ट, सहासष्ट आणि अडुसष्ट वयाची तीन माणसं गुडघ्यांवर बसून खिळ्यांनी फटी उकरत होती. निघालेली माती चाळणीने चाळायची आणि किराणा दुकानात शेव ठेवतात तसल्या मोठ्या पारदर्शक बरणीत भरायची. नियम मी लिहून दिले, कारण नियम लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. खोलीत एकट्याने जायचं नाही. बिनखिशाची बंडी आणि लुंगी घालायची. बाहेर पडताना घंगाळात पाय धुवायचे. दाराला तीन कुलपं लावायची, प्रत्येकाची किल्ली प्रत्येकाकडे. कंडक्टरने बरणीला कागदाची पट्टी चिकटवली आणि रोज संध्याकाळी मातीच्या पातळीवर पेनाने रेघ मारायला सुरुवात केली. त्याला तिकिटांच्या हिशेबाची सवय. अशा कडेकोट बंदोबस्तात आम्ही एकमेकांना जिवलग म्हणत होतो.

आता सांगायचं ते सांगतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी रेघ मारून झाल्यावर कंडक्टर आणि मालक चाळणीच्या भोकांवरून भांडत होते. माझ्याजवळ चष्म्याचं घर होतं, कारण मला लांबचा आणि जवळचा असे दोन चष्मे लागतात. मी बरणीतली चमचाभर माती त्या घरात टाकली आणि पटकन झाकण लावलं. का, ते विचारू नका. मला सोन्याची गरज नव्हती, पेन्शन वेळेवर येते. पण ते दोघं काही ना काही लंपास करत असणार, मग आपणच का मागे राहायचं, असं मनात आलं. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात ते हेच.

पाचव्या दिवशी सकाळी तीन कुलपं उघडली आणि पहिल्यांदाच उकरण्याआधी रेघ बघितली, तर बरणीतली माती रेघेच्या चांगली दोन बोटं खाली.

मी मनातल्या मनात हिशेब केला. मी घेतली चमचाभर, गेलीय ओंजळभर. म्हणजे या दोघांतला एक चोर आहे. खरं सांगतो, मला राग आला. मी चोरी करून चोवीस तास झाले नव्हते आणि दुसऱ्याच्या चोरीने माझं पित्त खवळलं होतं.

मालक म्हणाला, घर माझं, मी माझ्याच घरात कशाला चोरी करू? कंडक्टर म्हणाला, घर तुझं म्हणूनच खिडकीचे गज कुठले सैल आहेत ते तुला ठाऊक. मग झडती सुरू झाली. मालकाने कंडक्टरची बंडी उतरवायला लावली, टोपी झटकली. कंडक्टरने मालकाला लुंगी सोडून झाडायला लावली. मालक पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभा राहिला. हे दोघं शाळेत नापास झाले तेव्हा एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते, असं त्यांनीच मला कितीदा सांगितलेलं. मी पुढे झालो आणि म्हटलं, आता माझी घ्या. चष्म्याचं घर हातातच होतं. तो हात मी झडतीसाठी वर केला.

कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमची कसली झडती? तुमी येवढं भाषण केलंय की."

मालकानेही मान हलवली. आणि मी हात खाली घेतला.

त्या दिवशी मालक वर घरात गेला आणि कंडक्टर रस्त्याला लागला, एकमेकांकडे न बघता. बरणी झारेकऱ्याकडे न्यायचं काम माझ्यावर आलं, कारण विश्वासाचा माणूस उरला तो मीच. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणारा. त्याने बरणी बघितली, खोली कुठली ते विचारलं आणि हसायला लागला. त्या खोलीच्या फटी दर दिवाळीआधी तोच येऊन उकरायचा, आणि सोनाराने निघायच्या आदल्या दिवशी, मालक मागांवर गेला असताना, सगळ्या फरशा काढून खालची माती त्यालाच देऊन टाकली होती, नवी वाळू घालून पुन्हा बसवल्या होत्या. आम्ही चार दिवस गुडघे फोडून उकरली ती नवी वाळू आणि सिमेंट. कशात काय अन् फाटक्यात पाय. दोघांना वेगवेगळं गाठून मी ते सांगितलं, पण त्यांच्या लेखी वाळूची झाली तरी चोरी ती चोरीच.

आठवड्याने बायको गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन आली. डबा शिगोशीग भरला आणि तासाभराने त्यात आणखी दोन वाट्या पीठ ओतायला लागली. मी म्हटलं, मघाशी भरला होता ना? ती म्हणाली, "पीठ खाली बसतं. पन्नास वर्षं भाकरी खाताय, एवढंही ठाऊक नाही?"

मी डब्यात डोकावून बघितलं. बरणीतली माती रात्रीत खाली बसली होती. दोघांपैकी कुणी काही घेतलं नव्हतं. तिघांत चोर एकच होता, आणि त्याची झडती झाली नव्हती.

लगेच चपला घातल्या. नुसतं पिठाचं सांगितलं तरी दोघं एकत्र येणार होते, माझी चोरी सांगायची गरजही नव्हती. टपरीवर कंडक्टर एकटाच बसला होता. आता मालक सकाळी येतो, कंडक्टर संध्याकाळी, आणि मी दोन्ही वेळा. मी म्हटलं, त्या बरणीबद्दल एक लक्षात आलंय.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्याचे. म्हणाला, "नका काडू तो इषय. पन्नास वर्षांचा दोस्त असा निघाला. तुमी हायसा म्हणून, न्हायतर माणसावरचा इस्वासच उडाला असता माझा."

एक वाक्य बोलायचं होतं. पीठ खाली बसतं, एवढंच. पण दोघं पुन्हा त्या बाकड्यावर शेजारी बसले, की सगळं पहिल्यापासून आठवत बसणार, आणि केव्हातरी एकजण म्हणणार की मास्तरांची झडती तेवढी राहिली. मला भीती वाटली, आणि त्या भीतीची शरमही वाटली. कंडक्टर विचारत होता, काय लक्षात आलंय?

मी म्हटलं, काही नाही, बरणी चांगली आहे, मालकाला परत देऊन टाकतो.

"तुमीच द्या," तो म्हणाला. "त्याचं तोंड बगायचं न्हाय मला."