थाळी दिसेनाशी होईपर्यंत

कमळाकर घरत यांना गव्हाणात कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. मात्र कुणी म्हटलंच तर त्यांची ना नसते. गावामागे मिठागर मोडल्यावर उरलेलं खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे. एका अरुंद तोंडाने त्यात खाडीचं पाणी येतं-जातं. पनवेलच्या एका कॉलेजने अठरा वर्षांपूर्वी या तळ्याची तब्येत तपासायला घेतली आणि दर महिन्याच्या वद्य अष्टमीला, भरती-ओहोटी मंद असते त्या भांगेच्या संथ पाण्यात, ती तपासायचं काम कमळाकरदादांकडे आलं. काम ऐकायला सोपं. होडी मधोमध न्यायची, काळी-पांढरी थाळी खुणांच्या दोरीने पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरीवरचे सेंटीमीटर लिहायचे. आकडा मोठा तर पाणी नितळ, लहान तर गढूळ. अठरा वर्षांत त्यांच्या तीन अष्टम्या चुकल्या. त्यातली एक मुलीच्या लग्नाची, आणि ती तारीख त्यांनी सोयऱ्यांना अजून माफ केलेली नाही.

होडी दमयंती कोळी वल्हवायच्या. अकरा वर्षं त्यांनी दादांना तळ्यात नेलं आणि परत आणलं. या काळात दादांनी त्यांच्याकडे होडीचाच एक भाग म्हणून पाहिलं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात कॉलेजच्या अंकिता मॅडमनी वहीत नवा रकाना आखला. एकाच माणसाच्या नजरेवर इतकी वर्षं विसंबणं बरं नव्हे, म्हणाल्या, दमयंतीताईंनीही मोजावं. पद्धत कडक होती. एकाने मोजताना दुसऱ्याने पाठ करून बसायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, तोंडातून काढायचा नाही. मतदानाइतकी गुप्तता, मतदार फक्त दोन.

बांधावर चिठ्ठ्या उघडल्या. दादांचे एकोणसाठ, दमयंतीबाईंचे ऐंशी.

"मला दिसत नाय ते तुला दिसतं? पाण्यात काय देव दिसतो काय?" दादा म्हणाले.

"देव नाय, दादा. थाली दिसते."

पुढच्या अष्टमीला अठ्ठावन्न आणि एक्क्याऐंशी. त्याच्या पुढच्याही तसंच. दादांनी घरी जेवणावर राग काढला. "जन्मात पाण्यात मासली सोडून काय बगितलं हाय तिनं?"

"तीच तं पाण्यात असते. मासली दिसते तिला थाली नाय दिसनार?" गोदूबाई म्हणाल्या.

"तू बायको कुनाची हाय?"

"भात वारू का नको, ते सांगा."

राग नुसत्या रकान्याचा नव्हता. कॉलेजच्या व्हरांड्यात तळ्याचा आलेख लावलेला होता. चौदा वर्षं सरळ चाललेली रेघ शेवटच्या चार वर्षांत ऐंशीवरून अठ्ठावन्नावर घसरत आली होती. त्या घसरणीवर एक परिसंवाद झाला, दोघांना पदव्या मिळाल्या आणि एका वर्तमानपत्रात दादांचा थाळीसकट फोटो आला. कात्रण लॅमिनेट होऊन त्यांच्या ओटीवर आहे. आता दमयंती खरी असेल तर रेघ खोटी. त्यात मॅडमनी दमयंतीबाईंना उन्हाची टोपी आणली. दादांना अठरा वर्षांत ऊन लागलं नसावं.

मार्चमध्ये मात्र मॅडमच म्हणाल्या, "नवीन माणसाची सुरुवातीची मोजणी कच्ची धरतात, दादा. ताईंचे हे महिने ठेवायचे की बाद करायचे, ते मेमध्ये तुम्ही सांगा. अनुभव तुमचा आहे."

दादांना हे पुरतं पटलं. तरी आपली बाजू कागदावर असावी म्हणून ते पनवेलला स्टँडजवळच्या डॉक्टरकडे गेले आणि डोळे उत्तम असल्याचं सर्टिफिकेट मागितलं.

"काका, सर्टिफिकेट कसलं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चार वर्षं तरी झाली असतील. चालता कसे?"

"रस्ता पाठ हाय."

एप्रिलची अष्टमी होताच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गावात सांगितलं, पेणला मेहुण्याकडे गेलेत. घरी आल्यावर दादांनी ओटीवरचं कात्रण जवळून पाहिलं.

"एवरा म्हातारा दिसतो मी?"

"छापलं तवा तरुन होते," गोदूबाई म्हणाल्या.

मेच्या अष्टमीला दादा काळा चष्मा लावून होडीत चढले. दमयंतीबाईंनी वल्हं उचललं. पाळी पहिली दादांची. त्यांनी चष्मा काढून थाळी सोडली. साठ गेले, सत्तर गेले, थाळी खाली जातच होती आणि दिसतच होती. मोजणं झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. बांधावर चिठ्ठ्या उघडल्या. दादांचे चौऱ्याऐंशी, दमयंतीबाईंचे ब्याऐंशी.

"गेल्या महिन्यात सत्तावन्न, आज एकदम चौऱ्याऐंशी?" मॅडम म्हणाल्या. "पाणी सुधारलं का, दादा?"

हो म्हटलं की काम झालं असतं. रेघ शाबूत, कात्रण शाबूत, आणि दमयंतीबाईंचे महिने कच्चे म्हणून बाद. दादांनी तोंड उघडलंही. पण तसं म्हटलं तर आजचं श्रेय पाण्याला गेलं असतं, आणि दमयंतीपेक्षा दोन सेंटीमीटर जास्त दिसले होते ते पाण्याला नव्हे. दादांना.

त्यांनी चष्मा काढला. "आपरेशन केलंय. डाक्टर बोलला, चार वर्सांचं दुखनं. तेवरी चार वर्सं माजी सोरून द्या. तिचं ठेवा, तिचं बरोबर हाय."

मॅडमनी वहीची मागची पानं चाळली. पाणी थोडं गढुळलं असेलही, म्हणाल्या. पण त्यात पाण्याचं किती आणि डोळ्याचं किती, हे आता कुणालाच काढता येणार नाही. मग त्यांनी चार वर्षांभोवती पेन्सिलीने चौकट आखायला घेतली. दादांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"आजचं लिवा आदी. दोनी शेजारी शेजारी. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी."

दमयंतीबाई होडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, दोन सेंटीमीटर तं दोरी भिजून तानली तरी जातात. सुकी दोरी कुनाला मिलली?"

दादांनी तळ्याकडे पाहिलं. पाणी हलत नव्हतं.

"आजून डावा डोला बाकी हाय माजा," ते म्हणाले.