आबांची पांढरी टोपी

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच — यात तिच्या वडिलांचं डोकं आहे.

सोलापुरात माझा ग्राफिक डिझाइनचा क्लास आहे. 'सर' म्हणवून घेणाऱ्या माणसाची चूक होऊ नये का? होऊ दे की. पण ती सासऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होऊ नये.

आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोटो पांढऱ्या भिंतीपुढं काढलेला. मागची भिंत उडवायला मी एक क्लिक केलं — एका रंगाचं सगळं एका फटक्यात पुसलं जातं. भिंत गेली. भिंतीबरोबर आबांची पांढरी टोपीही गेली. मी बघितलं का? नाही. मागं निळं आभाळ टाकलं, फाईल छापायला धाडली आणि जेवायला बसलो.

सकाळी हॉलच्या दारात भलेथोरले आबा उभे — भुवयांच्या वर थेट आभाळ. त्यात एक ढग. माळशिरसहून आलेले पाहुणे माना वर करून बघतायत. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, आबांचं निम्मं डोकं कुटं गेलं?"

आणि इथं — कसं सांगू? — इथं मी म्हणालो, "विद्यार्थ्याकडून झालं."

"कुठल्या?"

आता आली का पंचाईत! इरफान फ्लेक्सच्या दुकानात मुरलेला. असली चूक तो झोपेतही करणार नाही. प्राची कॉलेजची, तोंडावर भांडेल. राहिल्या सुनंदाताई. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करतात. क्लासला नवीन, स्क्रीनवरचा बाण वर न्यायचा तर माउसच हवेत उचलायच्या. तोच फोटो मी वर्गाला सरावासाठी दिलेला होताच. मी त्यांचं नाव घेतलं.

का? त्या भांडणार नाहीत म्हणून. दुसरं कारण नाही.

गोष्ट क्लासपर्यंत पोचणारच, म्हणून मग तेच वर्गातही सांगावं लागलं — ताई, तुमची फाईल चुकून छापायला गेली. इरफान माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. ताई पुटपुटल्या, "मला वाटलं, मी टोपी ठिवली हुती की."

ठेवली होती. त्यांची फाईल मी आधीच उघडून बघितली होती — टोपी जागेवर, घडीसकट.

पुढं काय झालं असेल? ताईंनी स्वतःच्या हातानं नवी टोपी शिवली आणि आबांच्या पाया पडून दिली. आबा खूश. "लई मऊ हाय," म्हणत गावभर मिरवतात. आणि ताई? क्लासला येतात, पण माउसला हात लावत नाहीत. "तुमी शिकवा सर, मी नुसतं बघते. माज्या हाताचा भरवसा न्हाय."

मी काय करतो? 'हळूहळू जमेल' म्हणतो — आणि पुढच्या खुर्चीकडं वळतो.

काल आबा जेवायला आले. डोक्यावर तीच टोपी. ती नीट करत त्यांनी मला विचारलं, "त्या बाई शिकल्या का न्हाय मग?" आबा गेल्यावर ओट्यापाशी उभं राहून बायकोला सगळं सांगून टाकलं. ती ताटं पुसत होती. पुसतच राहिली. पुसलेलं ताट तिनं पुन्हा पुसलं.

मग म्हणाली, "आबांना काही सांगू नका, त्यांना टोपी आवडलीय. ताईंना सांगा. वर्गात, सगळ्यांसमोर. उद्या मी येते — मागं बसते."