मीनलने ओढलेली रेघ

रोहनचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, वेरिबी गावातल्या शेतीसामानाच्या दुकानात रांगेत उभी होते. हातात त्याच्या आईने, मीनलने मागवलेला हायड्रॉलिक तेलाचा डबा. "मावशी, मम गेली…" एवढंच बोलला. डबा परत ठेवून देता आला असता. मी तो घेऊनच बाहेर पडले.

मीनल माझी पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण. जन्मभर सॉफ्टवेअर तपासायची नोकरी केली. 'कॅन्सरशी झुंजली' वगैरे मी लिहिणार नाही, ती तेलगळतीशी झुंजली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जड काही उचलायचं नाही. आठवड्याभरात हिने घरामागच्या शेडमध्ये कुणीतरी टाकायला काढलेला ट्रॅक्टर आणून उभा केला. त्याची पुढची, माती उचलायची बकेट जमिनीला टेकलेली, उठायचं नाव नाही. "मी कुठे उचलतेय? तेल उचलेल," म्हणाली. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. आराम कर, नामस्मरण कर… हिने ग्रुप म्यूट केला आणि नवी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: पंप दाब तयार करत नाही, नुसतं तेल ढकलतो. दाब येतो अडवल्यावर. हे तिने मला फोनवर तीनदा ऐकवलं आणि तिन्ही वेळा स्वतःवर खूश होऊन हसली.

दसऱ्याला बकेट पहिल्यांदा उठली. सिलिंडरचा दांडा चकचकत बाहेर आला. मी हळद-कुंकू घेऊनच गेले होते. सगळ्या यंत्रात तोच एक भाग नवाकोरा दिसला, म्हणून त्यावर बोटं ओढली, अक्षता चिकटवल्या. बकेट खाली आली तसा दांडा कुंकवासकट आत गेला. दोन दिवसांत तिथून लालसर तेल ठिबकायला लागलं, आतलं रबरी सील ओरखडलं होतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. "अगं, बॉनेटवर लावायचं," ती म्हणाली. "देवाला सील कळत नसेल, पण तू इंजिनिअर ना?" मग दोन केमोंच्या मधल्या दिवसांत तिने तो सिलिंडर परत खोलला. मला फक्त टॉर्च धरू दिला.

नवं सील बसलं. हॉस्पिटलात जायच्या सकाळी तिने बकेट वर उचलली, नळीवरचा कॉक बंद केला, खाली कुणी जाऊ नये म्हणून दोरी बांधली. बकेटच्या खालच्या कडेशी खांबावर खडूने रेघ ओढली. "सील गळत असेल तर ही खाली येईल. किती उतरते ते मी आल्यावर बघेन. तोवर कुणी बघायचं नाही."

आम्ही बघितलं नाही… काल रोहनने भंगारवाल्याला बोलावलं, मला आज सकाळी सांगितलं. "मावशी, इट्स जस्ट जंक. तो आज आर्वोला येतोय, दुपारी." मी म्हटलं, आधी शेड उघड.

इतक्या आठवड्यांत बकेट दोन बोटं उतरली होती. दोनच. रोहनने रेघेखाली बोटं लावून मोजली, पुन्हा मोजली, आणि तिथेच खांबाला टेकून रडला. मीही रडले. मग वहीशेजारचा खडू उचलून मी तिच्या रेघेखाली आजची रेघ ओढली.

"कळव त्याला," मी म्हटलं, "येऊ नकोस म्हणावं."

रोहनने फोन काढला. मी गाडीतून तेलाचा डबा आणून खांबाशी ठेवला.